नव्या घरातील जेवणघर कसे मांडावे

नव्या घरात राहायला आल्यावर जेवणघरासाठी बहुतेक जण सर्वांत आधी टेबल घेतात, आणि बहुतेक चुकाही तिथेच होतात. दुकानात टेबलाच्या खुर्च्या आत सरकवून ठेवलेल्या असतात, भोवती ऐसपैस जागा असते आणि आपल्या मनात एकच प्रश्न असतो, तो म्हणजे हे आपल्या खोलीत मावेल की नाही. मावण्याचा प्रश्न मात्र खुर्ची मागे ओढून माणूस बसल्यावर सुरू होतो. त्याच्या मागून दुसरे कोणी हातात गरम भांडे घेऊन जाऊ लागले, की खोलीचे खरे माप कळते. म्हणून या लेखात आधी बसणारा माणूस, मग खुर्ची आणि त्यानंतर टेबल असा क्रम ठेवला आहे. दिवा, कपाट आणि सजावट यांची पाळी त्यानंतरची.

पहिली पायरी: खोली काही दिवस रिकामी वापरावी

शक्य असल्यास दोन-तीन आठवडे घरात असलेले एखादे लहान टेबल आणि हाताशी असतील त्या खुर्च्या ठेवून काम चालवावे. या काळात सकाळचे ऊन कोणत्या बाजूने येते, कोणाच्या डोळ्यांवर येते, स्वयंपाकघरातून येणारा माणूस कोणत्या वाटेने चालतो आणि कोणते दार किती उघडते, हे आपोआप लक्षात येते. रोज किती जण एकत्र बसतात आणि पाहुणे धरून जास्तीत जास्त किती जण बसतात, हे दोन आकडे वेगवेगळे लिहून ठेवावेत. टेबल पहिल्या आकड्यासाठी घ्यावे आणि दुसऱ्या आकड्याची सोय वाढवता येणाऱ्या फळीने किंवा घडीच्या खुर्च्यांनी करावी. वर्षातून चार वेळा येणाऱ्या पाहुण्यांसाठी आठ जणांचे टेबल घेतले, तर उरलेले सगळे दिवस आपण त्याला वळसा घालून चालत राहतो.

त्या टेबलावर जेवणाखेरीज आणखी काय होणार आहे, याचाही विचार याच काळात करावा. मुलांचा अभ्यास, घरून चालणारे ऑफिसचे काम किंवा शिवणकाम तिथेच होणार असेल, तर पृष्ठभाग, दिवा आणि विजेचा सॉकेट या तिन्हींची निवड बदलते.

दुसरी पायरी: मोजमाप

खोलीची लांबी-रुंदी मोजताना भिंतीपासून भिंतीपर्यंतचे माप पुरेसे नसते. खिडकीची पुढे आलेली चौकट, दाराच्या उघडझापीची जागा, भिंतीतून पुढे आलेला खांब आणि पुढे मांडायचे कपाट हे सर्व वजा करून जे उरते, तेच कामाचे माप. टेबलाच्या कडेपासून भिंतीपर्यंत किंवा कपाटापर्यंत किमान ७५ सेंमी जागा लागते. ९० सेंमी असेल तर माणूस खुर्ची मागे सरकवून अवघडल्याशिवाय उठू शकतो. ज्या बाजूने बसलेल्या माणसाच्या मागून येणे-जाणे असते, तिथे ११० ते १२० सेंमी ठेवावेत.

उदाहरणादाखल ३०० सेंमी रुंद आणि ३६० सेंमी लांब खोली घेऊ. लांबीच्या दोन्ही टोकांना ९० सेंमी सोडले, तर टेबलासाठी १८० सेंमी उरतात. रुंदीत एका बाजूला ९० आणि स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बाजूला १२० सेंमी सोडले, तर ९० सेंमी उरतात. म्हणजे १८० बाय ९० चे, सहा जणांना पुरेल असे टेबल या खोलीत नीट बसते. मात्र ते खोलीच्या बरोबर मध्यावर येत नाही. त्याची मध्यरेषा एका भिंतीपासून १३५ सेंमीवर आणि दुसरीपासून १६५ सेंमीवर येते, म्हणजे खोलीच्या मध्यापासून १५ सेंमी बाजूला सरकते. हे १५ सेंमी लक्षात ठेवावेत, कारण दिव्याच्या वेळी ते परत आड येतात. याच खोलीत एखाद्या भिंतीला ४० सेंमी खोल कपाट लावायचे ठरले, तर हा सगळा हिशेब नव्याने करावा लागतो आणि बहुधा टेबल चार जणांचे होते.

हिशेब कागदावर जुळला, तरी जमिनीवर करून पाहावा. वर्तमानपत्रे चिकटपट्टीने जोडून टेबलाच्या मापाचा चौकोन करावा आणि तो फरशीवर अंथरावा. त्याभोवती खऱ्या खुर्च्या ठेवून घरातल्यांना बसवावे, आणि एकाने हातात मोठे ताट घेऊन त्यांच्या मागून फेरी मारावी. ताट धरलेल्या माणसाचे कोपर बाहेर आलेले असतात आणि तो पायांकडे पाहत नाही. त्यामुळे रिकाम्या हाताने जी वाट पुरेशी वाटते ती ताट हातात आल्यावर अरुंद होते. कागद दोन दिवस तसाच राहू द्यावा. त्याच्या कोणत्या कोपऱ्यावर पाय पडून तो फाटतो, यावरून टेबलाचा कोणता कोपरा आपल्याला रोज लागणार आहे तेही कळते.

याच वेळी इमारतीचे दार, जिन्याचे वळण, लिफ्ट आणि घराचे मुख्य दार यांचीही मापे घ्यावीत. पाय सुटे होणारे टेबल आडवे करून नेता येते. एकसंध टेबल मात्र जिन्याच्या वळणावर अडले, की परत खाली न्यावे लागते.

तिसरी पायरी: खुर्ची

खुर्चीवर माणूस तासभर बसतो, टेबलावर फक्त हात टेकतो. म्हणून खर्चाची विभागणी करताना खुर्च्यांना झुकते माप द्यावे असे माझे मत आहे. साधे टेबल आणि उत्तम खुर्च्या ही जोडी निभते, पण देखणे टेबल आणि टोचणाऱ्या खुर्च्या असतील, तर मंडळी जेवण संपताच उठून बैठकीच्या खोलीत जातात.

खुर्चीच्या बैठकीची उंची साधारण ४३ ते ४८ सेंमी आणि टेबलाची ७२ ते ७६ सेंमी असते. बैठक आणि टेबलाचा वरचा पृष्ठभाग यांत २५ ते ३० सेंमी अंतर असावे. गादीची बैठक बसल्यावर दबते, म्हणून हे माप रिकाम्या खुर्चीवर न घेता कोणाला तरी बसवून घ्यावे. बसल्यावर पाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि बैठकीची पुढची कड गुडघ्यामागे रुतता कामा नये.

एका मापाकडे जवळपास सगळ्यांचे दुर्लक्ष होते. टेबलाच्या फळीखाली पायांना जोडणारी जी आडवी पट्टी असते, तिच्या खालच्या कडेपासून बैठकीपर्यंत किमान १८ सेंमी जागा हवी, नाही तर मांड्या घासतात. हात असलेल्या खुर्च्यांसाठी तर ही पट्टी निर्णायक ठरते. हे मी चूक करून शिकलो. आमचे पहिले टेबल ७५ सेंमी उंचीचे होते, फळी अडीच सेंमी जाड आणि खालची पट्टी १० सेंमी रुंद. म्हणजे पट्टीखाली ६२.५ सेंमी उरत होते. नंतर हौसेने घेतलेल्या खुर्च्यांचे हात जमिनीपासून ६५ सेंमीवर होते. अडीच सेंमीसाठी सहाही खुर्च्या बाहेर राहिल्या, येता-जाता पाय अडखळू लागले, आणि दर वेळी खुर्ची सरकवली की तिचे हात पट्टीवर आपटून लाकडाला एकाच रेषेत खोबणी पडत गेली. दुकानात दोन्ही वस्तू वेगवेगळ्या दालनांत पाहिल्या होत्या आणि टेप खिशातच राहिली होती. हात असलेल्या खुर्च्या हव्याच असतील, तर त्या टेबलाच्या दोन टोकांना ठेवाव्यात आणि बाकीच्या बिनहाताच्या घ्याव्यात.

जागा कमी असेल, तर एका लांब बाजूला बाक हा चांगला पर्याय आहे, कारण तो टेबलाखाली पूर्ण सरकतो आणि लहान मुले त्यावर दाटीवाटीने बसू शकतात. पाठ टेकता येत नसल्याने वयस्कर माणसांना मात्र तो सोयीचा नसतो. शिवाय मधल्या माणसाला उठायचे असेल, तर आधी शेजाऱ्यांना हलावे लागते.

चौथी पायरी: टेबल

प्रत्येक माणसासाठी टेबलाच्या कडेची ६० सेंमी लांबी आणि आत ३५ ते ४० सेंमी खोली धरावी. समोरासमोर दोन ताटे आणि मध्ये वाढायची भांडी ठेवायची असतील, तर रुंदी ९० सेंमीच्या आसपास हवी. ७५ सेंमी रुंदीत जेवता येते, पण वाढायची भांडी दुसरीकडे ठेवावी लागतात. चार जणांसाठी १२० सेंमी आणि सहा जणांसाठी १५० ते १८० सेंमी लांबी पुरते. सहाव्या माणसाची जागा मोजताना टेबलाचे पाय कुठे आहेत ते पाहावे. चार कोपऱ्यांत जाड पाय असलेल्या १८० सेंमीच्या टेबलाच्या एका बाजूला तीन खुर्च्या गणिताने बसतात, प्रत्यक्षात मात्र टोकाच्या दोघांच्या गुडघ्यांमध्ये टेबलाचा पाय येतो. त्यापेक्षा लांब बाजूंना दोन-दोन आणि दोन्ही टोकांना एकेक अशी मांडणी करावी.

गोल टेबलाभोवती सगळ्यांना सगळ्यांशी बोलता येते आणि चौरस खोलीत ते शोभतेही. त्याचा हिशेब मात्र फसवा आहे. १२० सेंमी व्यासाच्या टेबलाचा परिघ सुमारे ३७७ सेंमी भरतो, म्हणजे ६० सेंमीच्या हिशेबाने सहा जण बसायला हवेत. पण आत ४० सेंमीवर, म्हणजे ताटाच्या पलीकडच्या कडेपाशी, वर्तुळ आक्रसून सुमारे १२५ सेंमीचे होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला २१ सेंमी येतात. शेजारची ताटे एकमेकांना भिडतात आणि मध्ये पातेले ठेवायला जागा उरत नाही. या व्यासावर चार जण आरामात बसतात, पाचवा चालतो. सहा जणांसाठी १४० ते १५० सेंमी व्यास घ्यावा. गोल टेबलाला मधोमध एकच खांब असेल, तर खुर्च्या कुठेही सरकवता येतात. असे टेबल घेण्यापूर्वी त्याच्या कडेवर तळहात दाबून ते कलते का ते पाहावे.

साहित्य निवडताना त्याच्या दिसण्याबरोबर ते रोज पुसल्यावर आणि त्यावर सांडल्यावर कसे वागते, याचा विचार करावा. अस्सल लाकूड ओरखडा पडला तरी घासून पुन्हा पॉलिश करता येते, म्हणून ते सर्वांत दीर्घायुषी आहे. हवेतील दमटपणा वाढला की लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि हवा कोरडी झाली की आक्रसते, लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. त्यामुळे वरची फळी खालच्या सांगाड्याला घट्ट चिकटवलेली नसावी. ती लांबट भोकांत बसवलेल्या स्क्रूंनी किंवा सरकत्या पट्ट्यांनी जोडलेली असेल, तर ऋतू बदलला तरी फळीला तडा जात नाही. दुकानात टेबलाखाली वाकून हा जोड पाहायला संकोच वाटून घेऊ नये. वरची चकाकी सगळीच टेबले दाखवतात.

व्हिनिअर म्हणजे प्लायवूड किंवा एमडीएफवर (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डावर) चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा. तो देखणा असतो आणि सहसा वाकत नाही, पण फार वेळा घासता येत नाही. लॅमिनेट डागांना आणि ओरखड्यांना चांगले तोंड देते. त्याची दुखरी जागा म्हणजे कडा. कडेची पट्टी सुटली आणि आतल्या भुशाच्या बोर्डात पाणी शिरले, की तो फुगतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. संगमरवर हा मुळात कॅल्शियम कार्बोनेट असल्याने आंबट पदार्थातील आम्ल त्याची चकाकी खाते आणि तिथे फिकट डाग राहतो. हा डाग पुसून जात नाही, कारण तो वर साचलेला नसून दगडच झिजलेला असतो. ज्यांना असे डाग पाहून वाईट वाटेल, त्यांनी ग्रॅनाइट घ्यावा. काच घ्यायची झाल्यास टफन्ड काचच घ्यावी, कारण ती फुटली तर धारदार तुकडे न होता बारीक बोथट खडे होतात. काचेमुळे लहान खोली मोकळी वाटते, पण तिच्यावर बोटांचे ठसे दिवसभर दिसतात आणि वाटी ठेवली तरी आवाज होतो.

पाचवी पायरी: दिवा

टेबलाची जागा पक्की होईपर्यंत टांगता दिवा बसवू नये. त्याची खालची कड टेबलाच्या पृष्ठभागापासून ७५ ते ९० सेंमीवर असावी, म्हणजे जमिनीपासून साधारण १५० ते १६५ सेंमीवर येते. ही उंची डोके आपटण्याची आहे. खाली टेबल असते तोवर तिथून कोणी चालत नाही, म्हणून ती चालते. टेबल थोडे जरी सरकले, तरी दिवा वाटेत येतो.

नव्या घरात विजेचा पॉइंट बहुधा छताच्या मधोमध दिलेला असतो आणि वर पाहिल्याप्रमाणे टेबल १५ सेंमी बाजूला असते. एवढ्याशा फरकाने काय होणार असे वाटते, पण टेबलाच्या अर्ध्या भागावर प्रकाश आणि एका बाजूच्या माणसांच्या कपाळावर दिव्याची कड, अशी स्थिती होते. रंगकाम होण्यापूर्वीच लक्षात आले, तर इलेक्ट्रिशियनकडून पॉइंट सरकवून घ्यावा. रंग झाला असेल, तर टेबलाच्या मध्यावर छताला एक हुक बसवून पॉइंटपासून तिथपर्यंत वायर सैल झोल देऊन आणावी. झोल मुद्दाम ठेवलेला दिसला तर वाईट दिसत नाही. मात्र दिव्याचे वजन हुकावर राहील, वायरवर येणार नाही, याची खात्री करून घ्यावी.

दिव्याचा व्यास टेबलाच्या रुंदीच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत असावा. ९० सेंमी रुंद टेबलावर ४५ ते ६० सेंमीचा दिवा शोभतो. लांब टेबलावर एका मोठ्या दिव्याऐवजी दोन किंवा तीन लहान दिवे ओळीने लावले, तर टोकाच्या माणसाचे ताट अंधारात राहत नाही. बल्ब २७०० ते ३००० केल्व्हिनचा, म्हणजे पिवळसर उबदार प्रकाशाचा घ्यावा. खोक्यावर सीआरआय हा आकडा पाहावा. तो ९० किंवा अधिक असेल, तर अन्नाचे रंग खरे दिसतात. पांढऱ्याफेक निळसर प्रकाशात ताजे वाढलेले जेवणही शिळे वाटते. टेबलावर अभ्यासही होणार असेल, तर डिमर (प्रकाश कमी-जास्त करणारे बटण) बसवावा, पण डिमरवर चालणारा असा उल्लेख असलेलाच एलईडी घ्यावा, अन्यथा तो मंद केल्यावर लुकलुकतो. छताला पंखा असेल, तर त्याच्या पात्यांच्या वर येईल असा दिवा टाळावा, कारण फिरत्या सावल्या ताटावर नाचतात.

दिवा कायमचा बसवण्यापूर्वी एकाने तो हाताने धरून उभे राहावे आणि बाकीच्यांनी सर्व खुर्च्यांवर आळीपाळीने बसून पाहावे. बसलेल्याच्या डोळ्यांना बल्ब थेट दिसत असेल, तर दिवा खाली घ्यावा. समोरच्याचा चेहरा दिव्याआड जात असेल, तर वर घ्यावा.

सहावी पायरी: साठवण

जेवणघरात कपाट हवेच असे नाही. ते हवे असल्यास ४० ते ४५ सेंमी खोलीचे आणि ८० ते ९० सेंमी उंचीचे बुटके कपाट सर्वांत उपयोगी पडते, कारण त्याच्या माथ्यावर उभ्याने वाढता येते आणि टेबलावरची गर्दी कमी होते. घेण्यापूर्वी घरातील सर्वांत मोठे ताट मोजावे आणि ते सोबत न्यावे. बाहेरून ४० सेंमी दिसणाऱ्या कपाटाची आतली खोली मागची फळी आणि दाराची जाडी वजा जाता त्याहून कमी भरते. दारे उघडल्यावर खुर्चीला अडत असतील, तर सरकती दारे घ्यावीत. त्याच भिंतीवर एक सॉकेट आधीच करून घेतला, तर पुढे एक्स्टेंशनची वायर जमिनीवरून ओढावी लागत नाही.

सातवी पायरी: भिंती, जमीन आणि सजावट

भिंतीला पुसता येणारा, हलक्या चकाकीचा रंग द्यावा, कारण खुर्चीच्या पाठीची उंची असते त्या पट्ट्यात ओरखडे पडतातच. रंगाचा नमुना भिंतीवर हातभर रुंद लावून तो दिवसा आणि रात्री याच खोलीतील दिव्याखाली पाहावा. दुकानातील कार्डावरचा रंग दोन्ही वेळी वेगळाच निघतो.

गालिचा घालायचा असेल, तर तो टेबलाच्या चारही बाजूंनी किमान ६० सेंमी बाहेर यायला हवा, म्हणजे खुर्ची मागे ओढली तरी तिचे चारही पाय त्यावरच राहतात. १८० बाय ९० च्या टेबलाला यासाठी ३०० बाय २१० चा गालिचा लागतो. एवढा मोठा जमत नसेल, तर गालिचा न घातलेलाच बरा, कारण खुर्चीचे मागचे पाय कडेवरून घसरत राहतात. लव आखूड असावी. लांब लवेत पडलेले कण पुन्हा सापडत नाहीत. गालिचा नसेल आणि फरशी, काच, मोकळ्या भिंती असे सगळेच कठीण असेल, तर आवाज घुमतो आणि सहा जण बोलू लागले की प्रत्येक जण आवाज चढवतो. अशा वेळी जाड पडदे आणि गादीच्या खुर्च्या बराच फरक पाडतात.

चित्राचा मध्यबिंदू जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर ठेवण्याचा प्रघात उभ्या माणसासाठी आहे. इथे पाहणारे बसलेले असतात, म्हणून चित्र थोडे खाली लावावे. आरसा लावायचा तर तो खिडकीसमोर लावावा, म्हणजे उजेड वाढतो. तो टेबलाच्या टोकासमोर लावू नये. स्वतःला जेवताना पाहणे फारसे कोणाला आवडत नाही. टेबलावर मध्ये ठेवायची फुलदाणी बसलेल्याच्या नजरेखाली, म्हणजे साधारण ३० सेंमीपेक्षा कमी उंचीची असावी आणि एका हाताने उचलता यावी. दोन हातांनी हलवावी लागणारी शोभेची वस्तू पंधरा दिवसांत कपाटावर जाऊन बसते.

मांडणी झाल्यानंतर

खुर्च्यांच्या पायांखाली फेल्टचे तुकडे पहिल्याच दिवशी लावावेत आणि एक जादा पाकीट घेऊन ठेवावे, कारण चिकटवलेले तुकडे काही महिन्यांत सरकतात आणि त्यात अडकलेली वाळू फरशीवर नेमके तेच ओरखडे पाडते, जे टाळण्यासाठी ते लावले होते. जमीन फरशीची नसून लाकडी असेल, तर ही काळजी दुप्पट घ्यावी. पहिल्या महिन्याभरात खुर्च्यांचे आणि टेबलाचे सगळे स्क्रू एकदा आवळून घ्यावेत. एखादी खुर्ची डुगडुगत असेल, तर ती दुसऱ्या जागी नेऊन पाहावी. तिथे ती स्थिर राहिली, तर खोट खुर्चीत नसून फरशीच्या उतारात आहे, आणि त्या जागेसाठी पाय फिरवून उंची जुळवता येणारी खुर्ची शोधावी किंवा एका पायाखाली फेल्टचा आणखी एक थर द्यावा.